रेखा, अक्षर आणि स्मरण

संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे असा आहे. अक्षर लिहिणे हा त्याचा पुढे रूढ झालेला अर्थ. चित्र काढणे हाही त्याचाच अर्थ होता, आणि ‘आलेख्य’ म्हणजे चित्र हा प्रयोग संस्कृत वाङ्मयात पदोपदी आढळतो. उषेच्या सखीचे नाव चित्रलेखा आहे, आणि ती लिहिते ती अक्षरे नव्हेत. स्वप्नात पाहिलेल्या पुरुषाचे नाव उषेला सांगता येत नाही. तेव्हा चित्रलेखा देव, गंधर्व, यादव अशी एकामागून एक चित्रे काढीत जाते आणि अनिरुद्धाच्या चित्रापाशी उषेची मान खाली जाते. कालिदासाचा दुष्यंत शकुंतलेला विसरला होता. अंगठी सापडून स्मृती परतल्यावर सहाव्या अंकात तो तिचे वर्णन लिहीत बसत नाही, चित्र काढतो. ग्रीक भाषेतही लिहिणे आणि रेखाटणे यांस ‘ग्राफेइन’ हे एकच क्रियापद आहे. पुढे या दोन क्रियांची फारकत झाली. एक पाठशाळेत गेली, दुसरी चित्रशाळेत. स्मरणाचा कारभार बहुतेक ठिकाणी पहिलीकडे राहिला.

ही फारकत स्मरणाच्या हिताची झाली की नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी मंडळींस तो केवळ विद्वत्तेचा विषय वाटू नये. घरातील मुलांच्या तोंडून मराठी शब्द एकेक करून गळत असताना आपण त्यांना एकच उपाय सांगत आलो आहोत : ‘दहा वेळा लिहून काढ.’ हा उपाय कोठून आला आणि त्याची किंमत काय, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

लेखनाविषयीचा पहिला प्रसिद्ध संशय प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात, व्यक्त झालेला आहे. थ्यूथ नावाचा देव लिपीचा शोध लावतो आणि ही स्मृतीची औषधी आहे म्हणून मिसरच्या राजापुढे मांडतो. राजा तिचा स्वीकार करीत नाही. माणसे बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि आतून आठवण्याचा अभ्यास सोडतील, असे तो म्हणतो. याच संवादात साक्रेटीस पुढे लेखनाची तुलना चित्रकलेशी करतो : चित्रातील माणसे जिवंत भासतात, पण प्रश्न विचारला की गप्प राहतात, तसेच लिहिलेले शब्द. येथे चित्र आणि अक्षर यांस एकाच आरोपाखाली उभे केले आहे. परंतु प्लेटोच्या डोळ्यांपुढे पाहिलेले चित्र आणि वाचलेले अक्षर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चित्र काढणाऱ्याच्या आत काय घडते, हा प्रश्न त्याने येथे केलेला नाही.

ग्रीकांपाशी स्मरणाची दुसरी एक विद्या होती आणि तिचा जनक म्हणून सिमोनिडीस या कवीचे नाव घेतात. सिसरोने इसवी सनापूर्वी ५५ मध्ये लिहिलेल्या ‘वक्त्याविषयी’ या ग्रंथात ती कथा दिली आहे. थेसलीतील स्कोपस नावाच्या धनिकाच्या घरी मेजवानी चालू असता सिमोनिडीसला कोणीतरी बाहेर बोलावले. तो बाहेर पडतो तोच छप्पर कोसळले आणि आतील सर्व मंडळी ओळखू न येण्याइतकी चिरडली गेली. कोण कोठे बसले होते हे त्या कवीला आठवत होते. त्या जागांवरून त्याने प्रेते ओळखून नातलगांच्या हवाली केली. स्मरणाला सर्वांत अधिक साहाय्य क्रमाचे होते, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले, असे सिसरो सांगतो. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यातून निघालेली पद्धत मात्र दीड हजार वर्षांहून अधिक काळ युरोपात शिकविली गेली. ओळखीचे घर मनात आणावयाचे, त्याच्या ओसरीवर, खांबापाशी, कोनाड्यात एकेक ठसठशीत चित्र ठेवावयाचे, आणि बोलताना त्या घरातून चालत जावयाचे.

या विद्येचा सर्वांत जुना उपलब्ध लॅटिन ग्रंथ ‘हेरेन्नियसास’ या नावाने ओळखला जातो. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आरंभीचा असून त्याचा कर्ता अज्ञात आहे. त्याने अर्थाचे स्मरण आणि शब्दांचे स्मरण असे दोन भेद केले आहेत. अर्थासाठी चित्र सहज सुचते, परंतु एखादी काव्यपंक्ती शब्दशः ध्यानात ठेवावयाची तर प्रत्येक शब्दास चित्र शोधावे लागते आणि ते कठीण पडते, हे तो प्रांजळपणे मान्य करतो. काही ग्रीक आचार्यांनी अनेक शब्दांसाठी तयार चित्रांच्या याद्या करून ठेविल्या होत्या. त्यांची त्याने थट्टा केली आहे. शब्द हजारो आहेत, किती चित्रे पुरवाल? आणि पुरविली तरी एकाला जे सादृश्य जाणवते ते दुसऱ्याला जाणवत नाही. गुरूने रीत दाखवावी, चित्र ज्याचे त्याने करावे, असा त्याचा निर्णय आहे. स्वतः निर्माण केलेला शब्द आयत्या वाचलेल्या शब्दापेक्षा अधिक टिकतो, हे स्लामेका आणि ग्राफ या दोन संशोधकांनी प्रयोगाने दाखविले ते १९७८ मध्ये. त्या अनामिक रोमनाने ते व्यवहारातून ओळखले होते.

क्विंटिलियन हा पहिल्या शतकाच्या अखेरीचा आचार्य, आणि अध्यापनाचा अनुभव असलेला. या चित्रविद्येविषयी त्याचे मत थंड आहे. उभयान्वयी अव्ययाचे चित्र कसे काढावे, असा त्याचा रोकडा प्रश्न आहे. त्याचा स्वतःचा सल्ला साधा : मजकुराचे लहान भाग पाडावे, आणि ज्या पाट्यांवर आपण स्वहस्ते लिहिले त्याच पाट्यांवरून पाठ करावे. मग बोलताना ते पान, किंबहुना ती ओळ, मनश्चक्षूंपुढे उभी राहते. जो भाग मनात ठरत नाही त्याच्याजवळ खूण करावी. नौकेचा प्रसंग असेल तर नांगर, युद्धाचा असेल तर भाला. आम्हांस हा परिच्छेद फार मोलाचा वाटतो. लेखनाचा कैवारी असलेला हा गृहस्थ, अक्षर हट्ट करू लागले की त्याच्या शेजारी चित्र काढावयास सांगतो!

या विद्येची एक शाखा गोव्याच्या वाटेने पूर्वेकडे गेली. मात्तेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट १५७८ मध्ये गोव्यास आला, तेथे व कोचीन येथे काही वर्षे राहून १५८२ मध्ये मकावला गेला. पुढे नानचांग येथे असताना १५९६ मध्ये त्याने पाश्चात्य स्मरणविद्येवर चिनी भाषेत एक पुस्तक लिहिले. परीक्षेस बसणाऱ्या आपल्या मुलांसाठी तेथील सुभेदारास ते हवे होते. चिनी अक्षरचिन्हाची फोड करून त्याचे चित्र करावे आणि ते मनातील वाड्यात ठेवावे, असा त्याचा मार्ग. सुभेदाराच्या वडील मुलाने पुस्तक वाचून अभिप्राय दिला तो असा, की नियम उत्तम आहेत, परंतु ते वापरावयास मुळात स्मरणशक्ती चांगली पाहिजे. रिच्चीनेच हे नोंदवून ठेविले, ही त्याची निखळ वृत्ती.

रिच्ची गोव्यास आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स तेथे आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, हे वाचकांस ठाऊक आहेच. स्मरणाच्या दृष्टीने त्याने निवडलेला मार्ग अगदी निराळा होता. त्याने मनातील वाडे बांधले नाहीत, ओवी घेतली. मराठी श्रोत्याचे स्मरण कोणत्या दोरीवर चालते हे त्याने अचूक हेरले होते. आपल्याकडे शब्द टिकविण्याचे काम प्राधान्याने कानाने केले आहे. वेदपाठकांच्या पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ या पाठप्रकारांकडे पाहावे. जटेत दोन पदे सरळ, उलट, पुन्हा सरळ म्हणावयाची. घनात तीन पदांची गुंफण पुढेमागे फिरवावयाची. एक पद जरी जागचे हलले तरी साखळी तुटते आणि चूक तत्काळ उघडी पडते. क्रमरक्षणाची यापेक्षा काटेकोर व्यवस्था आमच्या माहितीत नाही. तिची उणीवही आपल्याच पूर्वजांनी सांगून ठेविली आहे. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्यास निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे.

पंतोजीच्या शाळेत याला हाताची जोड मिळाली. धुळाक्षरे, मग कित्ता, मग गिरवणे. वर पाढ्यांचा घोष. समर्थांनी ‘दासबोधा’त लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे; अक्षर कसे वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे याचा त्यात विचार आहे. सुंदर अक्षर हा आपल्याकडे शीलाचा भाग मानला गेला. परंतु गिरवण्याने वळण येते ते अक्षराला. शब्दाचे स्मरण त्यातूनच आपोआप साधते, हा समज मागाहून त्यास चिकटला असावा, असे आम्हांस वाटते.

युरोपात या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो कोमेनियसने. १५९२ मध्ये मोराव्हियात जन्मलेला हा धर्मोपदेशक धर्मयुद्धांत परागंदा झाला आणि त्याचे उर्वरित आयुष्य निर्वासितात गेले. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्याचे ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’, म्हणजे इंद्रियगोचर जगाचे चित्रमय पुस्तक, प्रसिद्ध झाले. दीडशे प्रकरणे, बहुतेक प्रत्येकाच्या माथ्यावर एक चित्र, चित्रातील वस्तूंवर आकडे आणि खाली लॅटिन व जर्मन वाक्यांत त्याच आकड्यांनी जोडलेले शब्द. आकाश, अग्नी, शिंप्याचे दुकान, चांभाराची आरी, स्वयंपाकघर, काहीही वगळलेले नाही. आरंभी वर्णमाला आहे, तीही प्राण्यांच्या आवाजांनी : कावळा ओरडतो तो एक वर्ण, कोकरू बें करते तो दुसरा. पुढल्याच वर्षी त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली, आणि शतकानंतरही लहानपणीचा गटे ते चाळीत होता. आपल्या अंकलिपीतील गणपतीचा ‘ग’ हा त्या कावळ्याचा दूरचा आप्त म्हणावयास हरकत नाही.

कोमेनियसची कीर्ती चित्रे दाखविणारा म्हणून झाली, आणि पाठ्यपुस्तकांनी तेवढेच उचलले. वास्तविक त्याने प्रस्तावनेत आणखी एक सूचना केली होती. मुलांना ही चित्रे हाताने काढू द्यावी, त्यांना इच्छा नसेल तर उत्पन्न करावी, कारण त्यामुळे वस्तूकडे लक्ष लागते, अवयवांचे परस्परप्रमाण कळते आणि हात चपळ होतो. दीडशे वर्षांनी पेस्टालोझीने याच धाग्यावर लेखनापूर्वी रेखाटन शिकवावे असा आग्रह धरला. तथापि शाळांनी या सूचनांचे काय केले? चित्रकलेचा तास वेगळा काढला. आमच्या पिढीने ‘एलिमेंटरी’ व ‘इंटरमिजिएट’ परीक्षांसाठी घड्याभांड्यांवर छाया दिल्या. त्या घड्याचे नाव मात्र भाषेच्या तासाला दहा वेळा लिहिले. दोन तासांत एक भिंत होती.

स्मरणाचे मोजमाप सुरू झाले ते एबिंगहाऊसच्या १८८५ च्या ग्रंथापासून. त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार करून स्वतःवरच प्रयोग केले. शास्त्रीय शिस्तीसाठी त्याने अर्थ बाजूला काढला, आणि त्याबरोबर चित्रही गेले, कारण ज्यास अर्थ नाही त्याचे चित्र काय काढणार? पुढे बराच काळ प्रयोगशाळेतील स्मरण म्हणजे घोकणे असाच सुमार होता. अपवाद होते. १८९४ मध्ये कर्कपॅट्रिकने शब्दांच्या जागी प्रत्यक्ष वस्तू दाखविल्या असता त्या अधिक आठवतात, असे नमूद केले. १९६७ मध्ये शेपर्डने शेकडो चित्रे एकदाच दाखवून ओळखण्याची कसोटी घेतली, तेव्हा शेकडा ९८ च्या आसपास उत्तरे बरोबर आली. कॅनडातील ॲलन पायव्हिओने १९७१ च्या आपल्या ग्रंथात याची उपपत्ती मांडली : शब्द मनात एका वाटेने उतरतो, प्रतिमा दुसऱ्या, ज्याला दोन्ही वाटा मिळाल्या तो परत सापडण्याचा संभव अधिक.

आणि मग २०१६ मध्ये, कॅनडातच, वॉटर्लू विद्यापीठातील वॅम्स, मीड आणि फर्नांडिस या तिघांनी तो साधा प्रश्न विचारला, जो प्लेटोने विचारला नव्हता. सोप्या नामांची यादी घेतली. प्रत्येक शब्दासोबत सूचना एकच : ‘काढा’ किंवा ‘लिहा’. वेळ ४० सेकंद. लिहिणाऱ्याने तो शब्द त्या वेळात पुन्हापुन्हा लिहावयाचा, म्हणजे आपलेच ‘दहा वेळा लिही’. नंतर थोडा वेळ आवाज ओळखण्याच्या कामात मन गुंतवून अवचित विचारले, कोणते शब्द आठवतात? चित्र काढलेले शब्द लिहिलेल्यांच्या अनेकदा दुपटीहून अधिक निघाले. लगेच येणाऱ्या शंकांचा त्यांनी त्याच लेखातील सात प्रयोगांत पाठपुरावा केला. लिहिणे कंटाळवाणे म्हणून हरते काय? मग अक्षरे नटवून, सजवून लिहावयास सांगितले. तरी चित्रच पुढे. चित्र डोळ्यांना दिसते म्हणून? मग तयार चित्र नुसते पाहावयास दिले. कल्पनेमुळे? मग मनात चित्र आणावयास सांगितले. अर्थाच्या विचारामुळे? मग वस्तूचे गुणधर्म लिहावयास दिले. सर्वांहून हाताने काढणे सरस ठरले. वेळ ४ सेकंदांवर आणला तरी फरक उरलाच. कोणाचे चित्र चांगले, कोणाचे वेडेवाकडे, याचा आठवणीशी संबंध दिसला नाही.

२०१८ मध्ये त्यांनी वृद्धांवर हाच प्रयोग केला. लिहिलेल्या शब्दांत वृद्ध तरुणांच्या मागे पडतात, पण काढलेल्या शब्दांत ते अंतर कमी होते. २०१९ मधील एका अभ्यासात त्यांनी या क्रियेची फोड केली. दुसऱ्याने काढलेल्या रेषा गिरविणे, न पाहता काढणे, यांनी काही लाभ होतो. अर्थाचा विचार, हाताची हालचाल आणि डोळ्यांपुढे उमटणारे रूप ही तिन्ही एकत्र आली म्हणजे पूर्ण लाभ होतो. शब्दाशी संबंध नसलेल्या निरुद्देश रेघोट्यांनी मात्र काही साधत नाही. तेव्हा वहीच्या समासात वेलबुट्ट्या काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी या संशोधनाचा आधार घेऊ नये.

एवढ्यावर थांबलो असतो तर चित्राचा पक्ष निर्वेध जिंकला असता. पण २०१९ मध्येच जॉन्कर, वॅम्स आणि मॅक्लाऊड यांनी आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि इतिहासाच्या अभ्यासकास तो सर्वांत विचार करावयास लावणारा आहे. चित्र काढल्याने शब्द आठवतात, परंतु ते कोणत्या क्रमाने आले होते हे आठवण्यात उलट हानी होते. प्रत्येक वस्तूत मन इतके गढून जाते की शेजारच्या वस्तूशी तिचा धागा जुळत नाही. हे वाचले तेव्हा आम्हांस सिमोनिडीसची जागा आठवली. त्या प्राचीन विद्येत चित्रे होती, पण क्रम चित्रांवर सोपविलेला नव्हता; तो घराच्या खोल्यांवर सोपविलेला होता. आणि वेदपाठकांनी जेथे क्रम हेच सर्वस्व, तेथे चित्राला हातही लावला नाही.

सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी हीच वाटणी वेगळ्या रीतीने करीत आले आहेत. ठाकर समाजातील ही कलावंत घराणी. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची सुटी चित्रे एकत्र बांधलेली असतात, आणि त्या गठ्ठ्याला ते ‘पोथी’ म्हणतात. तिच्यात वाचावयाचा मजकूर नाही! एक चित्र उभे करावयाचे, वीणा व हुडुक यांच्या साथीवर कथा गावयाची, मग ते उतरवून पुढचे. प्रसंगाचे रूप चित्र सांभाळते, शब्द गाणे सांभाळते, आणि क्रम सांभाळते ती पोथीची बांधणी. २०२१ मध्ये या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांना ही पोथी प्रथमच ठाऊक झाली.

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे येतो. दहा वेळा लिहिण्याचा उपाय सर्वस्वी टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षरे, वळण, ही हाताला लिहूनच कळतात. ‘तथापि’ आणि ‘परंतु’ यांचे चित्र निघत नाही, हा क्विंटिलियनचा आक्षेप आजही शाबूत आहे. प्रयोगांतील शब्दही बहुधा डोळ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या वस्तूंचे होते. पण परप्रांतातील मराठी घरांतून आधी जातात ते शब्द कोणते? उंबरठा, विळी, परात, शिंके, उखळ. यांतील एकही शब्द असा नाही की ज्याचे चित्र निघू नये. आणि लिहिणे अर्थावाचून होऊ शकते, काढणे होऊ शकत नाही, हा भेद येथे निर्णायक ठरतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका मुलीच्या वहीत आम्ही ‘रोवळी’ हा शब्द सुवाच्य अक्षरात दहा वेळा लिहिलेला पाहिला. रोवळी म्हणजे काय, असे विचारले तर तिला सांगता येईना. दहा वेळा लिहिताना तिला ती अडचण जाणवली नव्हती. आम्ही म्हटले, ‘बरे, काढून दाखव.’ पेन्सिल कागदावर टेकताच ती थांबली. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि विचारू लागली, ‘आजी, रोवळीला कान असतात का गं?’ आजीने हात पुसले, तांदूळ धुताना पाणी कसे खालून निथळते, बांबूच्या पट्ट्या कशा विणलेल्या असतात, हे हातवारे करून सांगितले. घरात रोवळी नव्हती, चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडताना ती मागे राहिली होती. मुलीने काढलेले चित्र टोपलीचे की पक्ष्याच्या घरट्याचे, हे आम्हांस अखेरपर्यंत ठरविता आले नाही. आजीने मात्र ते पाहून सांगितले की पट्ट्या फार जवळजवळ झाल्या आहेत, यातून पाणी जायचे नाही, आणि मुलगी खोडरबर शोधू लागली.